विभागातल्या कार्यक्रमाची बातमी कशी लिहावी

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. विभागाचे कार्यक्रम आणि त्यांच्या बातम्या, दोन्ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. हे काम नव्यानं अंगावर पडलेल्यांसाठी लिहिते आहे.

आधी नोटीस. तारखेसोबत वार लिहा, खोली नंबर लिहा आणि कार्यक्रम किती वाजता संपणार तेही लिहा. आमची मुलं कसारा-बदलापूरहून येतात, काही ऐरोली-घणसोलीहून. परतीची गाडी चुकेल असं वाटलं की ती प्रश्नोत्तरांच्या आधीच उठतात, आणि कार्यक्रमाचा खरा जीव तर प्रश्नोत्तरांत असतो.

पाहुण्यांचं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत त्यांच्याकडूनच लिहून घ्या. एकदा मी ऐकीव आडनाव दिलं आणि ते तसंच छापून आलं. फोन करून माफी मागितली, पण अजून मनाला लागून आहे.

मग दोन विद्यार्थी नेमा. एकानं भाषणातले मुद्दे टिपायचे, दुसऱ्यानं फक्त प्रश्न. विचारणाऱ्याचं नाव आणि वर्ग तिथल्या तिथे लिहून घ्यायचा. फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कागदपत्रांना जिओटॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले फोटो लागतात. शाल-श्रीफळाचा एक फोटो पुरे. बाजूला उभं राहून, वक्ता आणि ऐकणारी मुलं एकत्र दिसतील असा एक मात्र काढाच.

आता मुख्य काम. आपल्याकडच्या बातम्या दीपप्रज्वलनानं सुरू होतात, आभारप्रदर्शनानं संपतात आणि मधे ‘पाहुण्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले’ एवढंच असतं. काय मार्गदर्शन केलं, ते लिहा की!

गेल्या वर्षी आमच्याकडे अरुण कोलटकरांच्या कवितेवर व्याख्यान झालं. कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत. त्यांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहाला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. व्याख्यान संपल्यावर एस.वाय.ची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. “सर, माझी आजी सोमवती अमावास्येला जेजुरीला जाते. तिला हे कसं सांगू?” पाहुण्यांनी एक कविता पुन्हा सावकाश वाचली आणि म्हणाले, “आजी समोर बसलीय असं समज आणि सांग.” ती एकेक ओळ मराठीत सांगत गेली, घरी बोलतात तशी. एका शब्दाला अडली, तर मागच्या बाकावरून दोघांनी तो सुचवला.

बातमीचं पहिलं वाक्य मी तिथूनच उचललं: ‘जेजुरीवरची इंग्रजी कविता आजीला कशी सांगायची, या विद्यार्थिनीच्या प्रश्नानं इंग्रजी विभागातलं व्याख्यान रंगलं.’ प्राचार्य, विभागप्रमुख यांची नावं शेवटच्या परिच्छेदात घेतली. वर्तमानपत्रासाठी शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. जास्त झाले तर खालून कापतात, म्हणून महत्त्वाचं ते वर हवं. आणि बातमी त्याच संध्याकाळी पाठवा, तीन दिवसांनी ती शिळी होते.

विभागाच्या फलकावर इंग्रजीसोबत मराठी बातमीही लावा. एकीचं भाषांतर दुसरीत करू नका, दोन्ही वेगळ्या लिहा. त्या मुलीनं फलकासमोर उभं राहूनच आजीला फोन लावला आणि मराठी बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली.