बोलणे जसेच्या तसे: डिस्कर्सिव्ह सायकॉलॉजीने संशोधन करताना

नागपुरातील एका घरात मे महिन्याच्या दुपारी चाललेले बोलणे आपण सर्वांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केले आहे, असे समजू. सासू म्हणते, "मी काही म्हणत नाही बाप्पा (०.८) पण कूलरमधी पाणी रोज मीच टाकून राहिली." सून उत्तरते, "माझी ड्यूटी सकाळची असते ना, आई."

सासूच्या मनात राग आहे की थकवा, हा प्रश्न डिस्कर्सिव्ह सायकॉलॉजीत, म्हणजे माणसे बोलण्यातून काय साधतात हे पाहणाऱ्या मानसशास्त्राच्या पद्धतीत, विचारायचा नाही. १९८७ मध्ये जोनाथन पॉटर आणि मार्गारेट वेदरेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी मनोवृत्तीला डोक्यातील स्थिर वस्तू मानण्यास आक्षेप घेतला. १९९२ मध्ये डेरेक एडवर्ड्स आणि पॉटर यांच्या ग्रंथाने डिस्कर्सिव्ह सायकॉलॉजी हे नाव रूढ केले. त्यांचा प्रश्न असा, की हे वाक्य त्या क्षणी कोणते काम करते?

म्हणून मुलाखतीपेक्षा आपण नसतानाही घडले असते असे बोलणे निवडावे. आधी सर्व मुद्रण साधेपणाने उतरवावे आणि मग निवडक भागांसाठी संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांची चिन्हपद्धती वापरावी: विराम सेकंदाच्या दशांशात (वरचा ०.८ तसाच), एकमेकांवर चढलेले बोलणे चौकटी कंसात, लांबवलेला स्वर विसर्गासारख्या दोन बिंदूंनी. शुद्धलेखनाचा संस्कार आपल्यावर इतका खोल आहे, की "टाकून राहिली"चे "टाकत आहे" नकळत होते आणि "बाप्पा" गळून पडतो. हा मोह कटाक्षाने टाळावा, कारण सुधारलेले वाक्य त्या घरात कोणी बोललेलेच नसते.

आता विश्लेषण. "काही म्हणत नाही" हे शब्द कुरकुरीचा आरोप आधीच परतवतात, तर "रोज" आणि "मीच" हे टोकाचे शब्द, ज्यांचा तक्रारीतील उपयोग संभाषणाच्याच अभ्यासक अनिता पोमरँट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवला, तिची बाजू भक्कम करतात. मात्र ही तक्रारच आहे हे आपण ठरवत नाही. सुनेने कारण दिले, म्हणजे तिने ती तशी ऐकली, आणि पुढच्या वक्त्याचे हे आकलन हाच आपला पुरावा.

त्यानंतर संपूर्ण संग्रहात "काही म्हणत नाही, पण" अशी ठिकाणे शोधावीत आणि जेथे समोरच्याने कारण न देता निव्वळ "हो ना" म्हटले असेल, तेथे सर्वाधिक वेळ थांबावे, कारण तेथे ते शब्द तक्रार म्हणून ऐकले गेलेले दिसत नाहीत आणि आपला निष्कर्ष अशाच ठिकाणी पारखला जातो.