एथिक्स कमिटीच्या मेंबरांना ट्रेनिंग द्यायचंय? आधी जुनी मिनिट्स काढा

सांगली-मिरजेत हॉस्पिटलं आणि मेडिकलचं शिक्षण दोन्ही भरपूर, त्यामुळे रिसर्चही चालतो, माणसांवरचा रिसर्च आधी तपासून परवानगी देते ती एथिक्स कमिटी, आणि तिचं ट्रेनिंग म्हटलं की बाहेरून कोणीतरी बोलवायचं, स्लाइड्स दाखवायच्या, सर्टिफिकेट वाटायचं आणि जेवून घरी. सर्टिफिकेट फाईलला लागतं, ते घ्याच, पण तेवढ्यावर कोणाला प्रोटोकॉल, म्हणजे रिसर्चचा आराखडा, वाचता येत नाही.

म्हणून पहिलं काम, मागच्या वर्षभराची मिनिट्स, म्हणजे मिटिंगच्या नोंदी, घेऊन बसा आणि कोण कशावर बोललं ते बघा. डॉक्टर मंडळी सॅम्पल साइजवर बोललेली असतात, वकील एखाद्या कलमावर, आणि ले पर्सनच्या (डॉक्टर-वकील नसलेला, समाजातला सामान्य मेंबर) नावापुढे फक्त हजेरी असेल तर तुमची खरी गरज तिथंच आहे. केंद्राच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे ड्रग ट्रायलच्या (माणसांवर औषधाची चाचणी) मिटिंगला ले पर्सन नसेल तर कोरमच होत नाही, एवढं महत्त्व दिलंय त्यांना, पण तुम्ही नेमकं काय बघायचं हे त्यांना कोणी बसून सांगितलेलंच नसतं.

ते शिकवायला लेक्चर नको, आपल्याकडची केस घ्या. समजा तासगाव भागातल्या द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या मजुरांचं रक्त घेऊन कोलिनएस्टरेज (फवारणीच्या विषाचा परिणाम दाखवणारं रक्तातलं एन्झाइम) तपासायचंय, पीजीच्या पोराचा थिसिस आहे, आणि बागायतदार म्हणतोय माझी सगळी माणसं आणतो की. आता कन्सेंट फॉर्म, म्हणजे मजुराचं संमतीपत्र, ले मेंबरला मोठ्यानं वाचायला द्या, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. मग विचारा, मालक शेजारी उभा असताना मजूर नाही म्हणू शकेल का? अर्ध्या दिवसाची हजेरी बुडाली तर ती कोण देणार? रिपोर्ट खराब आला तर तो मालकाला कळणार का, आणि मजुराला पुढचे उपचार कुठे? हे प्रश्न निवृत्त शिक्षक किंवा बचतगटाच्या ताई डॉक्टरांपेक्षा लवकर काढतात, एकदा बोलायची मुभा मिळाली की. याच वेळी २००९-१० चा एचपीव्ही लसीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस) प्रकल्पही सांगा, तेव्हाच्या आंध्रात (आता तेलंगणात) खम्मम जिल्ह्यात वसतिगृहातल्या मुलींच्या कन्सेंटवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या, पुढे संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. दुसऱ्याच्या वतीनं परवानगी देणारा माणूस दिसला की थांबायचं, ही सवय लागली पाहिजे.

भाषेचं विसरू नका. मिरजेत अथणी, चिकोडीकडचे पेशंट रोज येतात, जतच्या पूर्व भागातही कन्नड बोलतात, तिथं फक्त मराठी फॉर्म चालणार नाही. वाचता न येणाऱ्यासाठी साक्षीदार रिसर्च टीमच्या बाहेरचाच हवा.

डॉक्टर मेंबरांना वेगळं ट्रेनिंग लागतं. पेशंटला वाटत असतं की डॉक्टर मला उपचारच देतायत, ट्रायल आणि उपचार यातला फरक त्याच्या डोक्यात नसतो, आणि हे डॉक्टरांच्याही रोजच्या सवयीमुळे लक्षात येत नाही. शिवाय आपल्याच विद्यार्थ्याचा प्रस्ताव आला की त्या मेंबरनं खोलीबाहेर जायचं, नुसतं गप्प बसून चालत नाही. हे खरंच एकदा करून दाखवा, ज्युनिअर लोकांना सीनिअर सरांना बाहेर जा म्हणायचा संकोच असतो.

ट्रायल घेत असाल तर गंभीर घटनेचा सराव पण करा. शनिवारी रात्री पेशंट दगावला असं धरायचं. इन्व्हेस्टिगेटरनं, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरनं, २४ तासांत कळवायचं, १४ दिवसांत सविस्तर रिपोर्ट, आणि कमिटीनं ३० दिवसांत भरपाईबद्दलचं मत पाठवायचं. फोन कोणाला जाणार, रविवारी मेल कोण बघणार, मत कोण लिहिणार, नावासकट कागदावर उतरवा.

एका दिवसात सगळं कोंबू नका. दर मिटिंगआधी अर्धा तास, एकच केस, आणि त्याची नोंद मिनिट्समध्येच ठेवा. नवीन मेंबर आला तर पहिल्या एक-दोन मिटिंगा त्याला जुन्या मेंबरशेजारी बसवा, बाहेरगावाहून येत असेल तर एसटीचं भाडं न मागता द्या.