करार करताना या चुका टाळा

सही नाही म्हणजे करार नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. एकाने प्रस्ताव दिला, दुसऱ्याने तो जसाच्या तसा मान्य केला, दोन्हीकडून काहीतरी देणंघेणं ठरलं आणि कायद्याने बांधून घ्यायचा इरादा असला की बऱ्याच व्यवहारांत तोंडी किंवा मेसेजवरसुद्धा करार होतो (जमिनीसारख्या काही व्यवहारांना मात्र लेखीच लागतं). म्हणून चॅटवर "डन" टाकायच्या आधी नीट विचार करा.

पण लोक सगळ्यात जास्त अडकतात ते घासाघीस करताना. समोरचा एक आकडा सांगतो, आपण कमी सांगतो, तो नाही म्हणतो, मग आपण म्हणतो बरं बाबा तुझाच आकडा मान्य, आणि वाटतं झाली डील पक्की. नाही झाली! इंग्लंडमध्ये १८४० साली हाइड विरुद्ध रेंच खटल्यात हेच झालं. रेंच शेत १००० पौंडांना द्यायला तयार होता, हाइडने ९५० सांगितले, रेंचने नकार दिल्यावर हाइड म्हणाला ठीक आहे, १००० देतो. कोर्ट म्हणालं करारच नाही, कारण ९५० म्हटल्यावर मूळ प्रस्ताव तिथेच संपला. अशा वेळी समोरच्याचा नव्याने होकार घ्या, शक्यतो लेखी. आणि "हप्त्याने दिले तर चालेल का?" एवढंच विचारायचं असेल तर प्रश्न म्हणूनच विचारा, नुसत्या चौकशीने प्रस्ताव संपत नाही.

"उत्तर नाही आलं तर होकार समजेन" असं लिहून काही होत नाही, गप्प बसणं म्हणजे सहसा मान्यता धरत नाहीत.

न वाचता सही करणं मात्र फार महागात पडतं. १९३४ च्या लेस्ट्रेंज विरुद्ध ग्रॉकॉब खटल्यात एका बाईंनी सिगारेट विकणारं मशीन घेताना बारीक अक्षरांतल्या अटी न वाचता कागदावर सही केली, मशीन नीट चाललं नाही तरी त्या अटी त्यांना लागू झाल्याच. आता बऱ्याच देशांत ग्राहकांना संरक्षण आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका, पैसे परत मिळण्याच्या आणि करार रद्द करायच्या अटी तरी वाचाच.

आणि समोरच्याने करार मोडलाच तर हातावर हात ठेवून बसू नका. वाढू दिलेल्या नुकसानीची भरपाई कोर्ट सहसा देत नाही, म्हणून लगेच दुसरी सोय बघा, त्याला लेखी कळवा आणि जास्तीच्या खर्चाची बिलं जपून ठेवा.