पोट्ट्याचा सरकारी हिस्सा अडकला होता, तो असा सुटला

अकोल्याकडं आमची छोटी दालमिल आहे. फिटरचा आयटीआय केलेला गावातलाच पोट्टा शिकाऊ म्हणून घेतला. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना 2016 पासून आहे. विद्यावेतनाचा 25 टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार देते. 30 किंवा जास्त माणसं असली तर शिकाऊ घेणं बंधनकारकच. 4 ते 29 असली तर मर्जीची गोष्ट.

आमचा हिस्सा आम्ही देत होतो, सरकारचा मात्र येईना. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर करार ठीक, हजेरी ठीक. सीएससीवाला (गावातलं ऑनलाइन सरकारी सेवा केंद्र चालवणारा) म्हणे, "भाऊ, सर्व्हर स्लो असेल." (त्याचं नेहमीचंच!)

शेवटी पोट्ट्यालाच माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहायला लावलं. तिथं खातं दिसेचना. बँकेत केवायसीला आधार दिलं होतं, पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते एनपीसीआय या देशभरातल्या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये (कोणत्या आधारला कोणती बँक जोडली त्याची यादी) चढवावं लागते, त्याचा फॉर्म वेगळा. शाखेतल्या गर्दीला कंटाळून पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं अन् तिथंच डीबीटीची संमती दिली. स्टेटस 'अ‍ॅक्टिव्ह' झालं, मग पैसे थेट पोट्ट्याच्या खात्यात आले.

नवा शिकाऊ घेताना करार करण्याआधीच हे स्टेटस पाहा.