जगण्या-तगण्याच्या कथा वाचताना या चुका टाळा

नागपूरचा मे महिना, पारा ४५वर, कूलरची घरघर चालू, आणि आमच्या वाचनगटाने काढल्या थंडीच्या कथा. पहिली चूक तिथंच झाली. अमेरिकन लेखक जॅक लंडनच्या ‘टू बिल्ड अ फायर’मधले उणे ७५ अंश आम्ही सेल्सियस धरले. ते फॅरनहाइट, आपल्या हिशोबाने उणे ५९. ‘काय फरक पडते बाप्पा, मरायचंच आहे ना!’ असं एकजण म्हणालाही.

दुसरी चूक मोठी, आणि ती दर खेपेला होते: ‘जिद्द’ हा शब्द. माणूस तगला की जिद्द होती, मेला की कमी पडली. लंडनने ही कथा दोनदा लिहिली. १९०२ साली मुलांच्या नियतकालिकासाठी लिहिली तेव्हा माणूस वाचतो, १९०८ साली मरतो. झाडावरचा बर्फ कोसळून शेकोटी दोन्हीकडे विझते. आता जिद्द मोजा!

चर्चा अशी अडली की मी म्हणते, हातांकडे बघा. १९०८च्या कथेत बोटं इतकी बधिर होतात की तो ७० काड्या एकदमच पेटवतो. सोबतच्या कुत्र्याला मारून त्याच्या उबेत हात शेकावेत असं मनात येतं, पण सुरी धरायचंही त्राण हातांत नसतं. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’मधला (१९३०) रात्री शेत राखणारा शेतकरी हलकूही थंडीत कुत्र्यासोबतच आहे. तो मात्र वास मारणाऱ्या जबऱ्याला कुशीत घेतो.

तिसरी चूक चहा येईपर्यंत कुणीतरी करतंच: ‘तिकडचा माणूस निसर्गाशी झुंजतो, आपला नशिबाला शरण जातो.’ अहो, हलकूने कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये घेणेकऱ्याच्या हातावर गेलेत! नीलगायी शेत फस्त करतात आणि सकाळी त्याला बरंच वाटतं, आता रात्री इथं झोपायला नको. पीक वाचलं असतं तर ते कुणाच्या घरात गेलं असतं, हे आधी विचारा.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ मी मुद्दाम शेवटी ठेवते. भीमाच्या अंगात बळ अफाट. खाणीतलं काम गेलं म्हणून तो मढ्यांवरचं सोनं शोधत फिरतो. एका रात्री मढ्याच्या जबड्यात बोटं अडकतात, पुढे ती कापावी लागतात. आणि नेमकं तेव्हाच कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. पहार आता धरणार कशाने?