वाडीवर लांबून इंटरनेट न्यायचंय? रेडिओ घेण्याआधीची तयारी

फायबर बाजारपेठेपर्यंत येऊन थांबतो, वाडी तिथून तीन किलोमीटर, मध्ये व्हाळ नि काजूची कलमं, आणि केबलवाला म्हणतो एका घरासाठी एवढी वायर ओढणं परवडत नाही. कोकणात हे घरोघरी चालू आहे. मग माणूस काय करतो, ऑनलाइन जातो, "सगळ्यात पॉवरफुल" शोधतो आणि दोन डिश मागवून मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच की रेडिओ, म्हणजे वायरीशिवाय एका खांबावरून समोरच्या खांबावर इंटरनेट पोचवणारा डिशवाला डबा, सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी वाट, मग खांब, मग वायर नि अर्थिंग, आणि उरलेल्या पैशात रेडिओ, तो तसाही या सगळ्यात स्वस्तच पडतो बहुतेक वेळा.

वाट म्हणजे इकडच्या खांबावरून तिकडचा खांब डोळ्यांनी दिसला पाहिजे. गूगल अर्थवर रेघ ओढून चढउतार बघून घ्या, पण त्यात मध्ये टेकाड आहे का एवढंच कळतं, झाडं त्यात येत नाहीत. म्हणून एकाला बाजारातल्या गच्चीवर आरसा देऊन उभा करा, उन्हात तो चमकवायला सांगा आणि तुम्ही वाडीवरून दुर्बिणीने बघा. चमक दिसली म्हणजे निम्मं काम झालं. निम्मंच, कारण लहरीला नुसती रेघ पुरत नाही, रेघेभोवती मोकळी जागाही लागते, ज्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर तीन किलोमीटरच्या लिंकला ऐन मध्यावर त्याची त्रिज्या सहा मीटरच्या थोडी वर जाते, त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा हवा, म्हणजे मधल्या माडाच्या शेंड्यापासून पावणेचार मीटर तरी वर. शेंडा चाटून जाणारी लिंक मे महिन्यात मस्त चालते आणि जुलैत ओल्या पानांनी बसते. आंबा नि जांभूळ पुढच्या दोनतीन वर्षांत किती वाढणार हेही आत्ताच धरा, आणि झाड शेजाऱ्याचं असेल तर फांदी छाटण्याचं बोलणं आधीच करून ठेवा.

कोणीतरी हमखास सांगतो की २.४ गिगाहर्ट्झवाला घ्या, झाडातून जातं. थोडंफार जातं, खोटं नाही, पण त्याचा फ्रेनेल झोन तेवढ्याच अंतराला साडेनऊ मीटरच्या पुढे जातो आणि बाजारात प्रत्येक दुकानाचा वायफाय त्याच पट्ट्यात कलकल करत असतो. झाडीतून खरोखर जायचं तर याच्या खूप खालची फ्रिक्वेन्सी लागते, आयआयटी मुंबईने पालघरच्या काही गावांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यावर तसा प्रयोग केलेला आहे, पण ते सामान आपल्याला दुकानात मिळत नाही. नजर मोकळी असली की अंतराचं कौतुक राहत नाही. २००७ साली व्हेनेझुएलात एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर ३८२ किलोमीटर वायफाय पोचवलं होतं, आणि आपलं दोन किलोमीटरवर एका फणसापाशी अडतं.

आता खांब. घर कौलारू असेल तर वाशाला पाइप बांधायचा विचार सोडा, वाऱ्यात वासा हलतो, डिश हलते आणि कौलंही सरकतात. जांभ्याच्या भिंतीत अँकर बोल्टही भरवशाचे नाहीत, चिरा मऊ निघाला की भोक मोठं होऊन बोल्ट हातात येतो. जमिनीतूनच खांब घ्या, खड्ड्यात काँक्रीट, दोन इंची जाड जीआय पाइप, आणि सहा मीटरच्या वर गेलात तर तीन बाजूंनी तारेचे ताण. खांबाला हाताने ढकलून बघा. वरचं टोक डुलत असेल तर अरुंद बीमची डिश त्यावर टिकणार नाही.

मग गणित, जे पाच मिनिटांचं आहे पण कोणी करत नाही. तीन किलोमीटरला ५.८ वर हवेतला लॉस, म्हणजे वाटेत होणारी सिग्नलची घट, साधारण ११७ डीबी (डीबी हे सिग्नलच्या घटवाढीचं माप). आपल्याकडे २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, पण पॉवरला मर्यादा आहे, ५.८ च्या भागात अँटेना धरून ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅट. २३ डीबीआयची डिश असेल (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल एका दिशेला किती एकवटते त्याचं माप) तर रेडिओची पॉवर १३ डीबीएमवर ठेवायची. १३ अधिक २३, वजा ११७, अधिक समोरच्या डिशचे २३, आले उणे ५८ डीबीएम. छान सिग्नल आहे हा. पॉवर कायद्याने बांधलेली आहे म्हटल्यावर "हाय पॉवर" लिहिलेल्या डब्याला जास्त पैसे कशाला द्यायचे? त्यापेक्षा डिश मोठी घ्या. मोठी डिश ऐकतेसुद्धा जास्त आणि बाजूचा गोंगाट कमी घेते. सेटिंगमध्ये देश इंडियाच ठेवा, दुसरा देश निवडून पॉवर वाढवायची आयडिया देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. सामान परदेशातून परस्पर मागवू नका, डब्लूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याचं) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, असलेलं मॉडेल इथल्याच डीलरकडून बिलासकट घ्या.

मॉडेलचं म्हणाल तर पाचशे मीटरच्या आत, आंगणातून गोठ्यापर्यंत वगैरे, टीपी-लिंकचं सीपीई ५१० किंवा युबिक्विटीचं लोको पुरतं, १३ डीबीआयवाले. दोनतीन किलोमीटरला लाइटबीम ५एसी किंवा मायक्रोटिकचं एलएचजी, २३-२४ डीबीआयच्या आसपास. एलएचजी जाळीचं आहे, वारा आरपार जातो, आमच्याकडच्या पावसाळी वाऱ्याला मला तेच बरं वाटतं. पोर्ट नक्की बघा, सीपीई ५१० ला १०० एमबीपीएसचाच पोर्ट आहे, त्यामुळे डब्यावर ३०० लिहिलंय म्हणून २०० चा प्लॅन घेतलात तर वरचे पैसे वाया. दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं एकच मॉडेल घ्या, भांडण नको.

करंटचं बघा. यातले बरेच रेडिओ २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच दिलेल्या करंटवर, चालतात, राउटरसाठी घेतलेला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस त्यांना चालत नाही, आणि लाइट गेल्यावर बाजारातला रेडिओ बंद पडला तर वाडीवरचा इन्व्हर्टर काय कामाचा? दोन्हीकडे बॅकअप हवा. खातात जेमतेम सातआठ वॅट, तरी ज्यांच्या गच्चीवर लावणार त्या काका-काकूंना लाइटबिलाचं स्वतःहून विचारा.

वायर आउटडोअरची, काळ्या जॅकेटची, शिल्डवाली आणि शुद्ध तांब्याची. दुकानात टोक सोलून ब्लेडने तार खरवडा, आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत ठेवा. शंभर मीटरच्या आत बसवा. खाली घरात शिरण्याआधी वायरला एक लोंबता वळसा द्या, पाणी तिथून ठिबकून जातं, नाहीतर वायरवरून थेट अडॅप्टरमध्ये. वर पाच गिगाहर्ट्झला पावसाच्या धारांनी फारसा फरक पडत नाही, लिंक मरते ती कनेक्टरमध्ये पाणी शिरून, तेव्हा झाकण नीट बसलंय का आणि वायरचं तोंड खालीच आहे का हे दोनदा बघा. माकडांचा वावर असेल तर खांबावरची वायर पीव्हीसी पाइपात घाला. शिडी लावण्याआधी गांधीलमाश्यांचं पोळं आहे का तेही बघा.

अर्थिंगवर कंजुषी नको. कोकणात मे अखेरीच्या विजा वाईट. कातळावर रॉड ठोकून काही होत नाही, विहिरीजवळची किंवा माडाच्या आळ्याजवळची ओली माती शोधा, खांबाला जाड तार लावून तिथे उतरवा आणि घरात शिरण्याआधी सर्ज प्रोटेक्टर बसवा. तरीही ढग गडगडले की आतला प्लग काढायचा.

सेटिंग जमिनीवर करून घ्या, वर चढून लॅपटॉप उघडण्यात मजा नाही. चॅनल रुंदी आधी ४० मेगाहर्ट्झ ठेवा, गोंगाट असेल तर २०. मधल्या चॅनलांवर रडारचा हक्क असतो, तिथे रेडिओ मधेच चॅनल बदलतो, म्हणून वरचे चॅनल बघा. डिश वळवताना पहिला आकडा चांगला आला म्हणून थांबू नका, पुढे नेऊन परत आणा, बाजूच्या खोट्या बीमवर अडकलेली लिंक खूप बघायला मिळते. हिशोबात उणे ५८ आहे आणि मिळतंय उणे ७५, म्हणजे बराच कमी सिग्नल, तर नट आवळायची घाई करू नका.

आणि हे घरच्या वापरापुरतंच. अख्ख्या वाडीला महिन्याचे पैसे घेऊन द्यायचा विचार असेल तर रितसर परवान्याचा प्रश्न येतो, त्यासाठी आधी पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेची माहिती काढा.