टायमिंग लाइट लावण्याआधी आयडल उतरवा

पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप ही नावं तुम्हाला माहीत आहेत आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडावा, ते कसं लावतात तेही कुठेतरी वाचलंय, असं धरून लिहितोय. मीही वाचलं होतं. तरी काम शिकायला लागल्यावर पहिले चार महिने एक कार्बोरेटरवालं इंजिन माझ्या हातून चुकीच्या टायमिंगवर चालत राहिलं. तेवढ्या काळात त्याचा कार्बोरेटर मी तीनदा उघडून धुतला. कार्बोरेटरमध्ये काहीच बिघाड नव्हता.

चढावर दम नसायचा, पाणी लवकर तापायचं आणि एक्झॉस्टच्या बाजूने नको इतकी धग यायची. सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे मिक्श्चर स्क्रू, आयडलला (इंजिन जागेवर नुसतं चालू असताना) हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा. तो पूर्ण आत घ्या नाहीतर तीन फेरे बाहेर काढा, इंजिनच्या आवाजात काडीचाही फरक नाही. जेट चोक झालंय हे मी मनाशी ठरवूनच टाकलं.

आधी क्रमाचं सांगतो. पॉइंटची गॅप (स्पार्कसाठी उघडमिट करणाऱ्या संपर्कांमधली फट) पहिली, टायमिंग नंतर. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, कमी झाली की मागे येतं. म्हणून टायमिंग लावल्यावर गॅपला हात लागला तर टायमिंग पुन्हा बघायचंच. जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलेलं असतं. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, टेंगळावर टेकतो आणि आकडा खोटा येतो. तिथे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा ड्वेल मीटर वापरा किंवा सरळ नवे पॉइंट टाका.

आता मी फसलो ती जागा. टायमिंग लाइट (प्रत्येक स्पार्कला चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावण्याआधी व्हॅक्युम ॲडव्हान्सचा, म्हणजे इंजिनच्या ओढीने स्पार्क आणखी आधी आणणाऱ्या यंत्रणेचा, पाइप काढून त्याचं तोंड बंद करायचं, हे मी अगदी इमानदारीने केलं. पाइप काढल्याबरोबर इंजिन धापा टाकायला लागलं, कारण त्या इंजिनात आयडललाही व्हॅक्युम मिळत होता आणि तेवढा ॲडव्हान्स एका झटक्यात गेला. इंजिन बंद पडू नये म्हणून मी थ्रॉटलचा, म्हणजे हवेचं दार थोडं उघडं ठेवणारा, स्क्रू आवळला. इंजिनचे फेरे मिनिटाला 1100 झाले, ते छान फिरायला लागलं. लाइट मारला, पॉइंट आणि रोटर ज्यात बसतात तो डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण 8 अंशांवर (पिस्टन वर पोचण्याच्या तेवढं आधी) आणली, त्याचा बोल्ट आवळला, पाइप परत जोडला. पुस्तकात 8 अंशच लिहिले होते. त्याच ओळीत पुढे 750 फेऱ्यांना असंही लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं, पण त्याला किंमत दिली नव्हती.

डिस्ट्रिब्युटरच्या पोटात वजनं आणि स्प्रिंगा असतात. फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क आधी पडतो. तसा पडावाच लागतो. 750 फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात 4.5 अंश फिरतो, 3000 फेऱ्यांना 18 अंश. मिश्रण जळायला लागणारा वेळ मात्र त्या हिशोबाने कमी होत नाही. माझ्या इंजिनातल्या स्प्रिंगा जुन्या, सैल झालेल्या होत्या. 1100 ला वजनं आधीच उघडायला लागलेली. म्हणजे मला दिसलेल्या 8 अंशांतले 7 वजनांचे होते, मी लावलेला फक्त 1. वर कितीही फेरे गेले तरी ते 7 अंश कायम कमीच पडणार होते. स्पार्क उशिरा पडतो, जाळ पिस्टनला ढकलायच्या ऐवजी एक्झॉस्टमध्ये जातो, म्हणून ती धग आणि म्हणून चढावर दम नाही.

आणि मिक्श्चर स्क्रू? टायमिंग मागे असल्यामुळे इंजिन 750 ला टिकत नव्हतं, म्हणून मी थ्रॉटल थोडा उघडाच ठेवायचो. थ्रॉटलची पट्टी तेवढी उघडली की तिच्या कडेची ट्रान्झिशनची भोकं मोकळी होतात आणि इंजिन तिथून पेट्रोल ओढतं. मग आयडलचा मिक्श्चर स्क्रू फिरवून काय होणार? आजार टायमिंगचा होता, दुखत होतं कार्बोरेटरमध्ये.

हे तपासायला एक मिनिट लागतं. पाइप बंद करून लाइट खुणेवर धरा आणि फेरे आणखी शंभर-दीडशेने खाली आणा. खूण जागची हलली नाही तर वजनं मिटलेली आहेत, आकडा खरा. खूण मागे सरकली तर अजून खाली या. इंजिन अडखळलं तरी चालेल, बंद पडलं तर पुन्हा चालू करा. पुलीवर रबराचा थर असेल तर बाहेरची कडी सरकलेली नाही ना, हेही पिस्टन टॉपवर आणून एकदा बघून घ्या.

कानाने टायमिंग लावणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. आयडलला बिनलोडचं इंजिन बराच जास्त ॲडव्हान्स आनंदाने खातं, फेरे वाढतात, आवाज गोड येतो. तेच इंजिन लोडवर नॉक करतं, म्हणजे आत ठोके पडतात, आणि नॉक चालू राहिलं तर पिस्टन जातो. ज्यांचा कान चाळीस वर्षांचा आहे त्यांचं ठीक, शिकणाऱ्याने तो शॉर्टकट घेऊ नये. आणि तुमच्या हातातला पाना काढून घेऊन स्वतःच काम उरकणाऱ्या उस्तादाकडे फार दिवस राहू नका. मला खूण सरकताना दाखवली ती दुसऱ्या एका मिस्त्रीने. त्यांनी लाइट माझ्याच हातात ठेवला, स्वतः फक्त स्क्रू सैल करत गेले आणि म्हणाले, "खुणेवरची नजर हलवू नकोस." आठ, सहा, तीन, एक. खडूची पांढरी रेघ डोळ्यांदेखत मागे गेली.

हात थरथरत असेल तर घाबरू नका. एक-दोन अंशांच्या फरकाने जुनी इंजिनं मरत नाहीत. डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटरच्या उलट दिशेला फिरवली की ॲडव्हान्स, आणि तिथला 1 अंश म्हणजे क्रँकवर 2, म्हणून बोटाने टिचकी मारल्याइतकंच सरकवा. बोल्ट आवळताना बॉडी हलते, तेव्हा आवळल्यावर परत लाइट मारा. चालू इंजिनवर बाही, ओढणी, लाइटची वायर पंख्याजवळ नको. एअर फिल्टर काढलेला असेल तर कार्बोरेटरच्या तोंडावर वाकू नका, बॅकफायर चेहऱ्यावर येतो. इग्निशन चालू ठेवून पॉइंट मिटलेल्या अवस्थेत बराच वेळ सोडलात तर कॉइल तापून जाते.

त्या दिवशी 750 ला खरे 8 अंश लावले, पाइप जोडला आणि थ्रॉटलचा स्क्रू जवळजवळ दोन फेरे सैल केला. इंजिन टिकलं. मग मिक्श्चर स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा इंजिन त्या स्क्रूने अडखळलं.